काकूनं अडवलेला ट्रक

पवनीच्या माझ्या काकूची हिंमत सांगतो तुम्हाले. धानाचा ट्रक मागं घेताना तिच्या फाटकासमोरचा सिमेंटचा उतार पार फुटला. काकाची व्हीलचेअर त्याच्यावरूनच बाहेर जाते. ड्रायव्हरनं ट्रकच्या मालकाले फोन लावून काकूच्या हाती दिला.

मालक म्हणे, "जा पोलिसात."

काकू शांतपणे म्हणाली, "कायले? तुमच्या ड्रायव्हरले मी जेवू घातलं. आता ट्रकसमोर खुर्ची टाकून बसली आहो. आमचे हे बाहेर निघत नाहीत, तोवर तुमचा ट्रकबी निघत नाही. या, येताना मिस्त्री अन् सिमेंट आणा."

मालक आला. नवा उतार झाला. तो जायले निघाला, त काकूनं विचारलं, "याच्यावर पाणी कोण मारन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्वतः पाइप धरून उभा होता.