दोघांशिवाय सरकत नाही

परवाची गंमत ऐका. गेल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत सोनईत एकाच वॉर्डातून मी आणि माझा शाळूसोबती बाळ्या एकमेकांविरुद्ध उभे राहिलो, निवडून आला तिसराच, आणि आमचं बोलणं बंद झालं.

परवा अन्वरभाईंनी चहाच्या टपरीवर त्यांची जुनी व्हिडिओ गेमची मशीन पुन्हा चालू केली. शाळा बुडवून आम्ही तिच्यावर जोडीनं गुंडांना लाथा घालायचो. हात शिवशिवले. मुकाट्यानं दोघंही खेळायला उभे राहिलो. सगळे गुंड लोळवले, पण पडद्यावरचा रस्ता काही पुढं सरकेना, कारण बाळ्याचा पैलवान मागच्या कडेला फुगून उभा!

शेवटी मीच तोंड उघडलं, "ये की पुढं! तुझ्याबिगर सरकत न्हाई."

मशीनची दांडी पुढं ढकलत बाळ्या म्हणाला, "ह्ये विलेक्शनला सुचलं असतं, तर दोघांतला येक तरी मेंबर झाला असता!"