दुसऱ्या गिअरवर

लॉन्ड्रीच्या रांगेत निवृत्त ग्रंथपाल दोन शर्ट घेऊन उभे होते. त्यांच्या मागे नणंद-भावजय बोलत होत्या.

“वहिनी, ही दादाची पँट? दोन दिवस मुलांना घेऊन खेड्यात गेलात, की नांगरायला?”

“शेताच्या वाटेवर गाडी रुतली, वन्सं. हे जितका जोर लावत, तितकं चाक खोल. मागे दोन्ही पोरं भुकेनं रडकुंडीला.”

“आणि तुम्ही?”

“म्हटलं, तुम्ही उतरून ढकला, मी चालवते. मी लायसन्स काढल्यापासून यांनी किल्ली कधी माझ्या हातात दिली नव्हती.”

“दादा बरा देईल.”

“नाहीच म्हणाले. तेव्हा छकुली म्हणाली, बाबा, तुम्ही केव्हाचे चालवताय, पण गाडी चालत नाहीये.”

ग्रंथपालांचा नंबर आला. “आधी यांचं घ्या,” ते पुटपुटले.

“मग, वहिनी?”

“दुसऱ्या गिअरवर हळूच काढली. हे मागून ढकलत होते, सगळा चिखल यांच्या अंगावर. पुढे घरापर्यंत मीच आणली.”

“आणि दादा?”

“मागे, पोरांच्या मध्ये, तोंड पाडून. धाकटा विचारतो, बाबा, तुम्हालाही गाडी लागते का?”

लॉन्ड्रीवाल्यानं पँट उजेडात धरली. “ताई, हा डाग पूर्ण जाईलसं वाटत नाही.”

“राहू दे थोडा,” भावजय म्हणाली.