टिकवायची दवा

— नाई नाई, शकुबाई, माह्या क्रीमनं नाई झालं थे. बसा तुमी आधी. तुमच्या दिव्यानीनं दुसरं कायतरी लावलं असन — लग्न जवळ आलं का पोट्ट्या कायबी फासतात तोंडाले. आमच्या बचत गटाची क्रीम तं टोरीच्या तेलाची — मोहाखालून टोरी, म्हंजे मोहाच्या बिया, आमीच वेचतो, तेल काढतो, घरची कोरफड घालतो. डबीवर लिवलंच हाय ना, केमिकल नाई म्हनून. मीच लिवलं थे.

डोळे सुजले? दोन्ही? पानी सुटून राह्यलं गालातून? बाप्पा... दिवसातून दोनदा लावे का? मीच सांगतलं होतं म्हना, हळदीपर्यंत सकाळ-संध्याकाळ लाव म्हनून. आता तुमच्यापाशी खोटं काऊन बोलू — कोरफडीचं पानी असते त्यात, उन्हाळ्यात आठ दिवसांत बुरशी धरे. कुरखेड्याच्या ट्रेनिंगमदी सांगतलं, टिकवायची दवा टाका, किलोले इतके थेंब. माह्या डोळ्याले थेंब कुठी मोजता येते? मी बाटलीच्या बुचानं मोजून राह्यली. दवाच हाय ना, जास्त पडली तं का बिघडते — असं वाटलं मले. तरी बुरशी आली, मंग दोन बुचं.

डॉक्टरले त्याच दवेचं नाव पाह्यजे? समजलं, बाई, समजलं. ऊर्जानगरचे सोयरे म्हनून राह्यले, पोरीले कातडीचा रोग हाय, परवाची हळद थांबवा — डॉक्टरनं क्रीमचं हाय असं लिहून दिलं तं मानतीन थे. पन मंग आमच्या गटाचं काय? बारा बाया आहेत, दोन वर्षं झाले राबून राह्यल्या, त्याईले कोन्त्या तोंडानं सांगू? आनि मले का सपन पडलं होतं? कोनालेच काई झालं नाई आजवर. माह्या आचलच्या मानेवरच थोडे फोड आले होते, होळीच्या टायमाले, खाजवून खाजवून लाल केली पोरीनं मान, रात-रात रडे. मंग मी तिची क्रीम बंद केली, आठ दिवसांत मान साफ —

हो. तिचीच बंद केली. दिव्यानीले डबी त्याच्यानंतर दिली मी.

असं नोका पाहू माह्याकडं.

थे बाटली पिठाच्या डब्यामागं हाय, घेऊन जा. डॉक्टरले सांगा, गोकुळा दोन बुचं टाकत होती. सोयऱ्यांले माह्याकडं पाठवा, मी सांगतो त्याईले. आता उठा, शकुबाई. आचल कॉलेजातून यायच्या आधी जा.