थोरल्याचा उपदेश

…आता मला सांगा, सात वर्षं, सात वर्षं दर रविवारी साडेसातला चर्चचं कुलूप मी उघडतो, बाकं पुसतो, माइकच्या वायरींच्या गाठी सोडवतो (त्या आठवडाभर कपाटात पडून असतात, मग गाठी मारतं कोण?), घरून बघणाऱ्यांसाठी मोबाइल स्टँडवर चढवतो, गाण्यांचे शब्द पडद्यावर टाकतो… आणि सात वर्षांनी मला पहिल्यांदा उपदेश करायला मिळाला, तरुणांचा रविवार म्हणून, पंधरा मिनिटं, आणि नेमका त्याच रविवारी आमचा धाकटा भाऊ परत आला. तीन वर्षांनी. मी काही बोललो का? नाही बोललो.

तसा मी चष्म्याच्या दुकानात कामाला. भिंग घासायचं, फ्रेममध्ये बसवायचं. पण हात भिंगावर आणि डोकं ईश्वरविज्ञानात, असा प्रकार. तुम्हाला म्हणून सांगतो, मी एकदा आमच्या पाळकसाहेबांना गाठलं, म्हटलं, साहेब, तारण (म्हणजे पापातून सुटका) जर सगळं देवाच्या कृपेनंच होतं, तर माणसाच्या हातात नेमकं काय उरतं? तीन रात्री झोपलो नव्हतो त्या प्रश्नापायी. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, डोळे मिटले, मला वाटलं आता उत्तर येणार… "फार खोल प्रश्न आहे रे. बरं, तो मागचा स्पीकर खरखरतोय, तेवढं बघतोस का?" बघितलं. मंडळीत माझं नावच पडलंय 'आवाज'. "ए आवाज, आवाज येत नाहीये!" झालं, निघाला आवाज पळत.

आणि धाकटा? त्याचं सगळं निराळं. आधी गिटार घेऊन त्या मोठ्या नव्या चर्चमध्ये गेला, जिथे स्टेजवर धूर सोडतात. वर्षभरात त्याचाही कंटाळा आला. मग म्हणे, "मला मंडळी-बिंडळी नको, देव आणि मी, बास." आणि गेला निघून दुसऱ्या शहरात. फोन नाही, निरोप नाही. आई दर बुधवारी प्रार्थनासभेत उभी राहायची, "माझ्या धाकट्यासाठी प्रार्थना करा." दर बुधवारी, तीन वर्षं. एकदा कुणीतरी विचारलं, "आणि थोरल्यासाठी काही?" तर आई म्हणते, "त्याचं काय, त्याचं बरं चाललंय." मी तिथेच होतो, माइक धरून. काही बोललो का? नाही.

तर उपदेश. पाच आठवडे आधीच मी विषय दिला होता, उधळ्या मुलाचा दाखला. दोन मुलगे असतात, त्यातला धाकटा बापाकडून आपला वाटा घेऊन जातो, सगळा उडवतो, डुकरं राखायची वेळ येते, मग मान खाली घालून घरी येतो, आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, मेजवानी घालतो. बावीस पानं लिहिली मी कृपेवर. कापून कापून नऊ केली. त्या गोष्टीत पुढे थोरला मुलगा येतो, तो रागावतो, आत यायला तयार होत नाही, तेवढा भाग मी गाळला. छापील कार्यक्रमपत्रिकेत स्पष्ट टाकलं, वाचन मेजवानीपर्यंत. साहेबांना सांगितलं, वेळेत बसत नाही. आता खरं कारण तुम्हीच ओळखा.

रविवारी दुसरं गाणं चालू होतं. दार उघडलं. खांद्यावर पिशवी, मानेपर्यंत केस, दाढी… आणि गायकवृंदातून माझी आई, जिला गुडघ्यांमुळे दोन पायऱ्या चढवत नाहीत ती माझी आई, गाणं टाकून मधल्या वाटेनं धावली. अहो, धावली! मी लॅपटॉपवर बसलेला, हात तिथेच थिजला, पडद्यावर एकच ओळ, आणि आमची मंडळी इतकी आज्ञाधारक की तीच ओळ पाच वेळा म्हणाली. सगळे त्याला मिठ्या मारतायत, साहेब व्यासपीठावरून खाली उतरले, आणि मागून हाक, "ए आवाज, त्याला खुर्ची आण की." मी काही बोललो का? आणली खुर्ची. पहिल्या रांगेत मांडली. वर पुसून दिली.

मग शास्त्रवाचन. ते आमच्याकडे वाचनवाल्या मावशी करतात. मावशींची ख्याती अशी की पान संपेपर्यंत अक्षर पुसट व्हायचं, मग त्या दिसेनासं होईल तिथे थांबायच्या आणि ठणकावून 'आमेन' म्हणायच्या. मला त्यांचीच तर खात्री होती. पण गुरुवारीच त्यांचा नवा चष्मा मी बनवून दिला होता. डोळ्याच्या बाहुलीच्या बरोब्बर समोर ठिपका टाकून, जीव ओतून बसवली होती भिंगं. मावशी मेजवानीपर्यंत आल्या. थांबल्या. चष्मा जरा वर सरकवला. "अगंबाई, पुढचंही दिसतंय की!" आणि वाचत सुटल्या. थोरला शेतातून आला, गाणं-बजावणं ऐकलं, भडकला, उंबऱ्याबाहेर अडून राहिला, इतकी वर्षं राबतोय मी, माझ्यासाठी कधी काही केलंत का… एकेक शब्द सुटा, खणखणीत. आणि आवाजाची व्यवस्था माझीच, त्यामुळे शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. अख्खी मंडळी माझ्याकडे बघायला लागली.

गेलो व्यासपीठावर. नऊ पानं हातात. पहिलं वाक्य लिहिलेलं, "बंधुभगिनींनो, आपण सगळेच धाकटे आहोत." ते तोंडातून निघेना. समोर तो, त्याच्या शेजारी आई, त्याचा हात धरून. आणि तिथे मी बोललो. म्हटलं, मी धाकटा नाही, थोरला आहे. दर बुधवारी मला वाटायचं, आपणही एकदा हरवावं. म्हणजे मग आपलंही नाव कुणी घेईल. मी कृपेवर बावीस पानं लिहिली आणि हा भाग गाळला, कारण त्यात मी होतो. आणि आत्ता मावशी वाचत होत्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, या गोष्टीत बाप दोनदा घराबाहेर येतो. एकदा धाकट्यासाठी, आणि एकदा मेजवानी तशीच टाकून थोरल्याची समजूत घालायला. पुढे तो थोरला आत गेला का, ते लिहिलेलंच नाही. मलाही माहीत नाही.

संपलं. चार मिनिटं. आई उठली, धाकट्याचा हात सोडून, सगळ्यांदेखत माझ्यापाशी आली, माझी कॉलर सरळ केली आणि माइक चालू असताना म्हणाली, "उपाशी आलायस ना सकाळी? चल, जेवायला चला दोघं." आता यावर काय बोलणार?

बाहेर सगळे भेटत होते. साहेब म्हणाले, "चार मिनिटांत संपणारा उपदेश! मंडळी कित्येक वर्षं याच आशीर्वादाची वाट बघत होती." बाकीचे सगळे मावशींच्या वाचनाचं कौतुक करत होते. धाकटा आला, खाली बघत, "दादा, माफी मागायची मीही तयारी करून आलो होतो रे, पण तूच सगळा वेळ घेतलास." हसलो आम्ही. काय करणार, भाऊ आहे. आणि खरं सांगू, बरं वाटलं मला. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

तर घरी आलो, जेवलो, मी भांडी आवरली, तेवढ्यात धाकटा आडवा झाला. आई ओठांवर बोट ठेवून, "श्श… थकलाय तो." देवाची कृपा विनामूल्य असते हे मला आता मनापासून पटलंय, वाद नाही. फक्त ती माझ्या पलंगावर, माझ्या उशीवर, तोंड उघडं टाकून घोरत असेल, हे कुठल्याच ईश्वरविज्ञानात लिहिलेलं नव्हतं. मी आपला चटई शोधतोय.