शेंडेफळाची प्रार्थना

दातांच्या डॉक्टरकडे शिंपीणबाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. कान मात्र ठणठणीत होते, आणि ते शेजारच्या बापलेकीकडे लागले होते.

"आता आपलाच नंबर. चल, प्रार्थना करू या."

"मी नाही करणार."

"का गं? दात काढायची भीती वाटत होती ना?"

"वाटतेय. पण तू छापशील."

"काय छापीन?"

"मी आजीच्या आधी मांजरीसाठी प्रार्थना केली, ते तू चर्चच्या मासिकात छापलंस. रविवारी सगळे हसले."

"कौतुकानं हसले गं. आणि लेखक घरातलं नाही लिहिणार तर कुठलं लिहिणार? तुझं नावसुद्धा घातलं नव्हतं."

"'आमचं शेंडेफळ' असं लिहिलंस. आपल्या घरात शेंडेफळं किती आहेत?"

"एकच."

"मग? पप्पा, मी ते देवाला सांगितलं होतं. लोकांना नाही."

"...चुकलंच माझं. पुन्हा नाही लिहिणार."

"पेन दे."

"अगं, नाही लिहिणार म्हटलं ना!"

"आधी पेन दे. खिशातले कागदपण."

"हे घे बाई. आता तरी करतेस?"

"थांब. काकू, तुम्ही लिहिता का?"

शिंपीणबाई दचकल्या. गालावरचा हात खाली आला.

"मी? नाही गं बाळा, मी कपडे शिवते."

"मग तुम्ही ऐकलंत तरी चालेल. पप्पा, डोळे मीट."