फाटकाच्या खांबाचं खरं काय झालं

— माती मागाहून उतरवा हो भाऊ, आधी बसा. इथेच, पायरीवर. टेम्पो राहू द्या तिथे फाटकात, कोण नेतंय. चहा घ्या, आणि असं खांबाकडे बघू नका, मला कसंतरी होतं. हो, त्याच खांबाबद्दल बोलायचंय. पण जरा हसू द्या मला. सकाळपासून नुसतं हसू येतंय — भाजी चिरताना हसले, कपडे वाळत घालताना हसले, आमच्या ह्यांनी दोनदा विचारलं, बरं आहे ना म्हणून. आता एकसष्टाव्या वर्षी बाईच्या पोटात अशा गुदगुल्या व्हाव्यात का? होतायत खऱ्या.

हे अंगण तुम्ही पहिल्यापासून पाहिलंय, नाही का? घर उभं राहिलं तेव्हा इथे नुसता राडारोडा होता, फुटक्या विटा, वाळूचे ढीग, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. बत्तीस वर्षं आम्ही तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत काढली, एक कुंडी ठेवायची तर खिडकीच्या गजाला बांधावी लागायची — आणि आता ही एवढी जागा. मी म्हटलं झाडं लावू, हे म्हणाले रस्ता करू. फाटकापासून थेट दारापर्यंत, गाडी आत येईल असा. गाडी कुठाय आपल्याकडे, म्हटलं. तर म्हणाले, नसू दे, रस्ता हवा. आता चौतीस वर्षं शहरातली बस चालवलेला माणूस, रस्त्याच्या बाबतीत त्यांच्याशी कोण वाद घालणार? गवंड्याने दोरी लावून सरळ रेघ आखली, ती ह्यांनी पायाने पुसली. आणि मग काय केलं माहीत आहे? मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. दोन्ही हात असे पुढे धरले — स्टिअरिंग धरल्यासारखे — आणि निघाले चालत. फाटकातून आत आले, अलगद वळण घेतलं, थांबले, वर आरशात बघितलं — कसला आरसा, हवेत बघितलं — आणि एकेक पाऊल मागे. तोंडाने घर्रर्र आवाज. आणि जिथे चाक जाईल म्हणून वाटलं तिथे वाकून चुन्याची फक्की टाकली. गवंडी तोंडावर पंचा धरून उभा. मी पण हसले हो, पोट धरून हसले, आणि हसता हसता खिडकी लोटून घेतली. कारण डॉक्टरांनी ह्यांचं गाडी चालवणं बंद करून तेव्हा सहा महिने झाले होते.

त्याचं सांगते, थांबा. आधी रस्त्याचं पुरं करू द्या. मुरूम पडला, खडी तुम्हीच आणलीत, वरून सिमेंटच्या विटा बसल्या, झकास दिसायला लागलं. हे म्हणाले, धुऊन काढतो. बादलीभर पाणी ओतलं, तर ते पाणी रस्त्यावरून ऐटीत चालत आलं आणि उंबरा ओलांडून घरात. बैठकीतली चटई भिजली, माझी चप्पल स्वयंपाकघरापर्यंत वाहत गेली. ढाळ उलटा! गवंडी म्हणतो साहेबांनी सांगितलं तसं केलं, साहेब म्हणतात बसला ढाळ लागत नाही. अर्धा रस्ता उखडला, पुन्हा खडी, पुन्हा तुम्ही. आता बघा, पाणी कसं शहाण्यासारखं दोन्ही बाजूंच्या वाफ्यांत जातं. वाफे माझे. विटा तिरक्या रोवून कडा मीच केली, गुडघे सोलले, पण कोणाला हात लावू दिला नाही. आज तुमची माती पडली की झालं अंगण पुरं.

तर खांब. गेल्या मंगळवारी तुम्ही विटा घेऊन आलात, टेम्पो आत लावलात, आणि हे फिरून आले ते खांबाचा टवका बघूनच. काय बोलले तुम्हाला. डोळे आहेत का खडे आहेत म्हणाले, चौतीस वर्षांत माझ्या बसला ओरखडा नाही म्हणाले, भर रस्त्यात, चार माणसं ऐकत असताना. आणि तुम्ही मान खाली घालून म्हणालात, लागला असेल साहेब, लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी थापी आणि सिमेंट घेऊन पण आलात. मी दारात उभी होते भाऊ. खरं सांगायचं सोडून आत जाऊन भांडी घासत बसले. तेव्हापासून घास गोड लागलेला नाही मला.

तुम्ही नाही लावलात. मी लावला.

चहा सांडतोय, कप सरळ धरा. हो, मीच. गाडीने. शिकतेय मी — पाच महिने झाले. हे सकाळी फिरायला गेले की पलीकडच्या रस्त्यावर शिकवणाऱ्या बाई येऊन थांबतात. त्या दिवशी म्हणाल्या, चला, तुमच्याच दारात घेऊन दाखवा. सरळ आत आले फुलासारखी. मागे घेताना ह्यांचं ते वळण! बसचं वळण हो ते, माझ्या गाडीला काय उपयोग? खाटकन आवाज झाला, बाई म्हणाल्या ब्रेक, मी म्हटलं अगंबाई, आणि आम्ही दोघी पळालो. पळालो म्हणजे गाडीतूनच पळालो. अर्ध्या तासाने तुम्ही आलात.

ह्यांच्यापासून का लपवलं? तुम्ही विचारणारच. लग्नानंतर एकदा ह्यांनी मला शिकवायला घेतलं होतं, मित्राच्या गाडीत. एवढे ओरडले, एवढे ओरडले, की मी भर चौकात दार उघडून उतरले आणि चालत घरी गेले. नंतर तो विषय काढला नाही कोणी. पण दोन वर्षांपूर्वी, सकाळी दहा वाजता, जुन्या घरी, हे दाढी करता करता खाली बसले. छातीवर हात. आमची गल्ली इतकी चिंचोळी, रुग्णवाहिका टोकालाच थांबते. आमच्या मजल्यावरच्या दोघांनी खुर्चीत बसवून ह्यांना खाली आणलं. समोर खालच्या शेजाऱ्यांची छोटी गाडी उभी होती, किल्ली लावलेली — ते बिचारे नुकतेच चष्म्याचं ऑपरेशन, म्हणजे डोळ्याचं, करून घरी आलेले, पट्टी होती, आणि दुसऱ्या कोणाला चालवता येत नव्हती. गाडी होती, किल्ली होती, माणूस खुर्चीत घामाने निथळत होता, आणि मी त्या गाडीच्या दाराला हात लावून नुसती उभी. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. शेवटी खुर्चीतूनच गल्लीच्या टोकापर्यंत नेलं. वाचले, छान आहेत, गुलाबाला पाणी घालताहेत मागे. पण ते बघणं जात नाही हो डोळ्यांसमोरून.

झालं, सांगितलं. आज जेवताना त्यांनाही सांगणार आहे, आणि तुम्हाला बोलावून तुमची माफी मागणार आहे, त्यांनाही मागायला लावणार आहे. आणि हसू कसलं येतंय ते सांगायचं राहिलंच — परवाना आला काल. पहिल्याच परीक्षेत. आणि शिकवणाऱ्या बाईंची जुनी गाडी मी घेतलीय, लहानशी, पांढरी, आज अकराला घेऊन येतायत त्या. ह्यांना अजून —

काय? मागे काय?

अहो. तुम्ही कधीपासून उभे आहात तिथे? झारी ओतताय पायावर, सरळ धरा. ऐकलंत? किती ऐकलंत... सगळं? ओरडा हवं तर. अहो, ह्या भाऊंना हात कसले जोडताय, ते लाजले बघा — बरं, जोडा, जोडायलाच हवेत. आणि माझ्याकडे असं नका बघू.

काय म्हणालात? मागे घेता येते का?

येते. म्हणजे, जवळजवळ येते.

हा हॉर्न. त्याच आल्या, बाईच. वेळेच्या पक्क्या आहेत. चला भाऊ, टेम्पो काढा फाटकातून, लवकर काढा, माती राहू द्या, कप तिथेच ठेवा — आमच्या ह्यांना माझ्या शेजारी बसायचंय.