हात दिसले पाहिजेत

आमच्या आईनं इंटरनेटची कंपनी कशी निवडली, सांगतो. गोंदियाच्या मावशीले ऐकू येत नाही, म्हणून दोघी बहिणी व्हिडिओ कॉलवर हातांनीच बोलतात. आमचं जुनं कनेक्शन सारखं अटकायचं. मावशी घरात पडली, ते आईले दोन दिवसांनी समजलं. आई म्हणाली, "आता कंपनी मीच निवडीन."

आमच्या स्मृति नगरात कोण्याही कंपनीचा माणूस आला की ती विचारे, "तुमचं कनेक्शन इथं कोणाकडे आहे? चला तिथं." त्या घरी बसून मावशीले कॉल लावायची. दोन कंपन्या अशाच बाद झाल्या.

तिसऱ्या कंपनीचा माणूस वैतागला. "माताजी, स्पीड तो कागज़ पे लिखी है!"

"कागद नको. माझ्या बहिणीचे हात दिसले पाहिजेत."

शेजारच्या वर्मांकडे कॉल लागला. दोघी बराच वेळ बोलल्या, चित्र एकदाही अटकलं नाही. मग मावशीनं आईच्या मागं उभ्या त्या माणसाकडे बोट दाखवून काही खुणा केल्या. आई हसतच सुटली.

"क्या बोलीं?" त्यानं घाबरून विचारलं.

"म्हणते, त्याच्या शर्टाचं बटन तुटलं आहे. उद्या कनेक्शन लावायले या, बटन मी लावून देईन."